गोळी तीच, मग मन पुन्हा का बुडतंय?

प्रश्न

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय 46. तीन वर्षांपूर्वी मला डिप्रेशनचं निदान झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम सुरू केलं आणि दीड-दोन महिन्यांत मी पुन्हा माणसांत आले. कामावर जायला लागले, हसायला लागले. घरच्यांनाही वाटलं, सुटलो एकदाचे. गेले चार महिने मात्र गोळी घेऊनही मन खाली खाली चाललंय. पहाटे चारला जाग येते ती येतेच. आवडीच्या कशातही जीव रमत नाही. रडूसुद्धा येत नाही. मध्ये आपल्याच मनाने आठवडाभर दोन-दोन गोळ्या घेऊन पाहिल्या. फरक काही पडला नाही, उलट मळमळायला लागलं, म्हणून पुन्हा एकीवर आले. मग वाटलं, उपयोगच नाही तर घ्यायची कशाला, आणि तीन दिवस बंद केली. तर चक्कर आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं! घाबरून परत सुरू केली.

दर तीन महिन्यांनी फॉलोअप असतो. डॉक्टर 'कशा आहात?' विचारतात, मी 'ठीक आहे' म्हणते, ते चिठ्ठी लिहून देतात. खरं सांगायचं धाडस होत नाही. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, आता त्यांना वाटेल हीच बाई प्रयत्न करत नाही. नवरा म्हणतो, शरीराला सवय झाली की औषधाचा असर जातोच, आता तू मन घट्ट कर. एका मैत्रिणीने झोपेसाठी आणि मूडसाठी सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल सुचवल्या. आणून ठेवल्यात, अजून सुरू केल्या नाहीत. हल्ली पाळीही अनियमित झालीय, पण त्याचा इथे काही संबंध नसावा.

या गोळीचा असर संपला का? पुढे काही उपाय उरलाय का, की मी आता अशीच राहणार? कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर किती बरं. आणि एक छोटी शंका: गोळी सकाळी घ्यावी की रात्री? सुटीच्या दिवशी उशिरा उठले की सकाळची गोळी बऱ्याचदा राहूनच जाते.

– नाव छापू नये

उत्तर

नमस्कार.

गोळीबद्दल सविस्तर बोलू, पण त्याआधी दोन शंकांच्या मध्ये तुम्ही हळूच सरकवून दिलेल्या एका वाक्याबद्दल. 'सकाळी जागच आली नाही तर किती बरं.' हे वाक्य मी पुष्कळ जणांकडून ऐकते आणि जवळपास प्रत्येक जण ते असंच, जाता जाता सांगतो. ते जाता जाता ऐकण्यासारखं नाही. मरणाची इच्छा अशी दुरून, पुसटशी डोकावते तेव्हा आजार बळावल्याची ती स्पष्ट खूण असते. म्हणून तीन महिन्यांच्या फॉलोअपची वाट पाहायची नाही. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा आणि नेमकं असं म्हणा: 'माझा त्रास पुन्हा वाढलाय, जगू नये असे विचार येताहेत, मला या आठवड्यातली वेळ हवी.' 'जगू नये' हे शब्द ऐकल्यावर वेळ मिळते. नाहीच मिळाली, तर दुसरे मानसोपचारतज्ज्ञ गाठा किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा.

विचार 'जाग आली नाही तर बरं' यापुढे सरकून 'काय करावं, कसं करावं' असा आकार घेऊ लागला, तर अपॉइंटमेंट वगैरे विसरा. घरातल्या कुणाला तरी त्याच क्षणी सांगा आणि तातडीच्या सेवा विभागात जा. एकटीने बसू नका. आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण ऐन वेळी शोधाशोध करायला अंगात त्राण नसतं. आणि घरात महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या साठल्या असतील तर त्या नवऱ्याच्या ताब्यात द्या, त्यांनी आठवड्यापुरत्याच बाहेर काढून ठेवाव्यात. यात तुमच्यावर अविश्वास दाखवायचा भाग नाही. वाईट तास येतो आणि जातो, त्या तासात हाताशी काय आहे यावर बरंच काही ठरतं.

नवऱ्यालाही एक सांगते, कारण ही भीती प्रत्येक घरात असते. 'मरावंसं वाटतं का गं?' असं सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. बहुतेकांना उलट हायसं वाटतं, की चला, कुणीतरी विचारलं.

आता गोळी.

'असर संपला' हा निकाल तुम्ही फार लवकर लावलात. अँटिडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, नीट चालू असतानाही डिप्रेशन परत येऊ शकतं, आणि हे काही विरळा नाही. 2021 मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ गोळ्या घेणारे आणि बरं वाटत असल्याने त्या थांबवाव्यात का, या विचारात असलेले 478 लोक त्यात होते. निम्म्यांची गोळी हळूहळू बंद केली, निम्म्यांची तशीच ठेवली, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना कळू दिलं नाही. वर्षभरात गोळी बंद झालेल्यांपैकी 56 टक्के लोकांना आजाराने पुन्हा गाठलं. गोळी चालू असलेल्यांत हा आकडा होता 39 टक्के. या दोन आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी बघा. गोळीने संरक्षण दिलं हे खरं. आणि गोळी इमानेइतबारे घेणाऱ्या दर दहा जणांपैकी जवळजवळ चौघांना तरीही त्रास झाला, हेही तितकंच खरं. तेव्हा तुमचं जे झालंय त्यात तुमच्या प्रयत्नांची उणीव शोधू नका.

औषधाची 'सवय' होऊन ते निकामी होतं का? नवऱ्याचा मुद्दा अगदीच निराधार नाही. काही जणांत असं होत असावं असं मानणारे तज्ज्ञ आहेत, पण त्यामागे मेंदूत नेमकं काय घडतं यावर एकमत नाही. आणि प्रत्यक्ष दवाखान्यात ही शक्यता मी सगळ्यात शेवटी धरते, कारण तिच्या आधी तपासण्यासारख्या अनेक गोष्टी असतात आणि त्यातल्या कितीतरी दुरुस्त होण्याजोग्या असतात. 'मन घट्ट कर' हा सल्ला मात्र नवऱ्यांनी मागे घ्यावा. ते काळजीपोटी म्हणतात हे मला कळतं, पण ज्या मनाने घट्ट व्हायचं तेच आजारी आहे.

तर तपासायचं काय? चार महिन्यांपूर्वी काय बदललं, ते. तुमच्या पत्रातच दोन-तीन धागे आहेत, आणि त्यातले दोन तुम्ही बिनमहत्त्वाचे म्हणून बाजूला टाकलेत.

पहिला, पाळी. 'संबंध नसावा' असं तुम्ही लिहिलंय. असू शकतो, आणि चांगलाच असू शकतो. पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं हार्मोन्स वरखाली होतात आणि त्या काळात डिप्रेशनचा धोका वाढतो. ज्यांना पूर्वी डिप्रेशन येऊन गेलंय त्यांच्यात तर तो आणखी जास्त असतो. रात्री घामाने जाग येते का, अचानक अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं का, हे आठवून पाहा. पहाटे चारची जाग डिप्रेशनची असेल, या बदलाची असेल किंवा दोन्हींची मिळून असेल. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही हे कळायला हवं, आणि एकमेकांनी काय लिहून दिलंय तेही.

दुसरा धागा, सुटीच्या दिवशी राहणारी गोळी. आठवड्यातून एखाददुसरी गोळी चुकली तर असं काय बिघडतं, असं वाटतं. रोज ठरल्या वेळी गोळी गेली की रक्तातलं औषधाचं प्रमाण एका पातळीवर टिकतं. वरचेवर चुकली की ते हेलकावे खातं. त्यात मधला दुप्पट डोसचा आठवडा आणि पूर्ण बंदचे तीन दिवस धरले, तर गेल्या चार महिन्यांत औषधाला सलग काम करायला किती संधी मिळाली, हाच प्रश्न पडतो. रागवत नाही. बहुतेक लोक गोळ्या चुकवतात आणि बहुतेक लोक ते डॉक्टरांपासून लपवतात. मग होतं काय, की डॉक्टर समजतात गोळी पूर्ण घेऊनही गुण नाही, आणि विनाकारण डोस वाढवतात किंवा चांगलं लागू पडलेलं औषध बदलून टाकतात.

त्या आठवड्याबद्दलही थोडं. डोस वाढवून गुण येणार की नाही हे ठरवायला आठवडा पुरत नाही. मळमळ पहिल्या काही दिवसांतच येते, फायदा मात्र उशिराने, दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो. म्हणजे तुम्ही औषधाचा त्रास तेवढा सोसलात आणि फायद्याची वेळ यायच्या आधीच माघारी फिरलात. आणि तीन दिवस बंद केल्यावरची चक्कर, डोक्यातले झटके? ती गोळी अचानक थांबवल्याची लक्षणं. व्यसनासारखी ओढ नसते ही, पण मेंदूला या औषधाच्या सोबतीने काम करायची सवय लागलेली असते आणि ते एकदम काढून घेतलं की तो तक्रार करतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत हा त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे त्याचा कमी. पुष्कळ लोक या झटक्यांनाच 'आजार उलटला' समजतात. म्हणून कुठलीही अँटिडिप्रेसंट बंद करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत.

आणि त्या कॅप्सूल. सेंट जॉन्स वर्ट एसिटालोप्रॅमसोबत घ्यायचं नाही. अजिबात नाही. वनस्पतीपासून बनलंय म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. दोन्हींमुळे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं तर अस्वस्थपणा, थरथर, भरपूर घाम, जुलाब, ताप, छातीत धडधड अशी लक्षणं दिसतात आणि प्रकरण जिवावरही बेतू शकतं. शिवाय गर्भनिरोधक गोळ्यांपासून रक्त पातळ करणाऱ्या औषधांपर्यंत अनेक औषधांचा असर ही वनस्पती कमी करते. तुम्ही थांबलात ते फार चांगलं केलंत. आता त्या टाकून द्या, म्हणजे पहाटे चारला मोह नको.

याखेरीज डॉक्टर काही तपासण्या सांगतील किंवा तुम्ही आपणहून विचारा. थायरॉइड सुस्त झालं की माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो: थकवा, जडपणा, कशात रस नाही. बी-12 कमी असणं, हिमोग्लोबिन कमी असणं, वाढलेली साखर, हे सगळं रक्ताच्या साध्या तपासण्यांत कळतं. तुम्ही मोठ्याने घोरता, मध्येच श्वास अडकल्यासारखं होतं असं घरचे म्हणतात का? मग स्लीप ॲप्नियाचा विचार करावा लागतो, तो असेल तर आठ तास पडून राहूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. दारूबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: झोप लागावी म्हणून रोज घेतलेले एक-दोन पेग पहाटेची झोप मोडतात आणि दुसऱ्या दिवशीचा मूड पाडतात. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी नवीन औषध सुरू झालं असेल तर तेही सांगा. स्टेरॉइड्समुळे मूड बिघडू शकतो. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरचं कार्बामाझेपिन यांच्यामुळे यकृत काही अँटिडिप्रेसंट भराभर संपवून टाकतं.

अजून एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय: 'रडूसुद्धा येत नाही.' यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, कारण त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. गाढ डिप्रेशनमध्ये माणूस रडण्याच्याही पलीकडे जातो. पण एसिटालोप्रॅमच्या गटातल्या औषधांनी काही जणांच्या भावनाच बोथट होतात, दुःखही तीव्र नाही आणि आनंदही नाही. पहिल्या कारणासाठी डोस वाढवावा लागेल, दुसऱ्यासाठी कदाचित कमी करावा किंवा औषध बदलावं लागेल. फरक ओळखायला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: हा कोरडेपणा केव्हा सुरू झाला? गोळीने बरं वाटत होतं त्या काळातही तो होता, की या चार महिन्यांतच आला? तुमची पहाटेची जाग आणि मरणाचे विचार बघता मला आजार परत आल्याची शंका जास्त वाटते. पण मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे तो निर्णय समोर बसलेल्या डॉक्टरांचा.

आणि एक गोष्ट जी विचारली गेली नाही तर वर्षं वाया जातात. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही अंगात जोर, डोक्यात कल्पनांची गर्दी, बोलणं भरभर, खर्चाला लगाम नाही? किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार? असेल तर आवर्जून सांगा. बायपोलरमधलं डिप्रेशन वरून तसंच दिसतं, पण त्यावर नुसती अँटिडिप्रेसंट बऱ्याचदा पुरी पडत नाही, कधी कधी बिघाडही करते, आणि उपचारांची दिशाच वेगळी असते. लोक हे सांगत नाहीत, कारण त्या दिवसांत त्यांना छानच वाटत असतं. छान वाटलेलं डॉक्टरांना कशाला सांगायचं!

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. माझ्या मते ती गोळीत नाही, 'ठीक आहे' या दोन शब्दांत आहे. चार महिने आजार वाढतोय आणि ज्या माणसाच्या हातात तो थांबवायची साधनं आहेत त्यालाच त्याचा पत्ता नाही. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर आजही तुम्ही बऱ्या झालेल्या रुग्ण आहात. त्यांना वाईट वाटेल ही काळजी सोडा. आजार परत येणं आम्हा लोकांना रोजचं आहे, आम्ही ते व्यक्तिशः घेत नाही. एखादा डॉक्टर खरंच दुखावला गेलाच, तर ते त्याचं त्याने बघावं.

तोंडाने सांगायला जमत नसेल तर लिहून न्या. टेबलापलीकडे बसल्यावर डोळे भरून येतात किंवा डोकं रिकामं होतं, पाच मिनिटं संपतात आणि आपण चिठ्ठी घेऊन बाहेर. कागद असला की असं होत नाही. तुमच्या पत्रावरूनच मी एक कच्चा नमुना करून देते, त्यात तुमच्या परीने भर घाला:

'आधी या गोळीने पूर्ण बरं वाटत होतं. चार महिन्यांपासून त्रास परत. पहाटे 4 ला जाग, पुन्हा झोप नाही, आठवड्यातून ___ दिवस. कशातच रस नाही, रडू येत नाही. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं, आठवड्यातून ___ वेळा. आठवड्याला साधारण ___ गोळ्या चुकतात. मध्ये सात दिवस 20 मिग्रॅ घेतलं, मळमळलं. तीन दिवस बंद केलं, चक्कर आणि झटके. पाळी अनियमित. दुसरी औषधं: ___. माझे प्रश्न: डोस, औषध की दुसरं काही? किती दिवसांत फरक दिसायला हवा? नाही दिसला तर पुढची पायरी कोणती?'

खोलीत शिरल्या शिरल्या हा कागद त्यांच्या हातात द्या. 'बसा, कशा आहात?' याच्याही आधी. जमल्यास नवऱ्याला सोबत न्या. तुमच्यातले बदल त्यांना तुमच्याआधी दिसलेले असू शकतात, आणि पुढे काय ठरलं हे ऐकायला एक जास्तीचा कान लागतोच.

सोबत पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावलीही भरून नेता येईल. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले की मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास समजतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तिथे खोटं लिहू नका. हिचा खरा फायदा पुढे कळतो. महिन्याने पुन्हा भरली आणि 17 चे 11 झाले, तर आपल्याला 'काहीच फरक नाही' असं वाटत असतानाही कागद वेगळं सांगतो. डिप्रेशनमध्ये माणूस स्वतःच्या सुधारणेचा फार वाईट साक्षीदार असतो.

'पुढे काही उरलंय का?' उरलंय, भरपूर. तुम्ही आतापर्यंत एकच औषध, तेही मध्यम डोसमध्ये घेतलंय. योग्य डोसमध्ये, पुरेसे दिवस, निदान दोन वेगवेगळी औषधं घेऊनही उपयोग झाला नाही तरच आम्ही 'उपचारांना दाद न देणारं डिप्रेशन' असं म्हणतो. तुम्ही त्या गावच्या जवळपासही नाही.

पहिली पायरी बहुधा गोळी नियमित करणं आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या गतीने डोस वाढवणं. तो एका मर्यादेपर्यंतच वाढवण्यात अर्थ असतो, त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही, साइड इफेक्ट मात्र वाढतात. नवीन डोसवर चार ते सहा आठवड्यांत पुरेसा फरक दिसला नाही, तर औषध बदलतात, म्हणजे त्याच गटातलं दुसरं किंवा वेगळ्या गटातलं. थोडाफार गुण असेल तर आहे त्याला जोड देतात: मिर्टाझापिन, ॲरिपिप्राझोल, क्विटियापिन किंवा लिथियम. चिठ्ठीवरची यातली एखादी गोळी इंटरनेटवर शोधलीत तर 'स्किझोफ्रेनियाचं औषध' असं दिसेल आणि धस्स होईल. डिप्रेशनमध्ये ती बहुधा कमी डोसमध्ये, जोड म्हणून देतात, निदान बदललेलं नसतं. लिथियम 1949 पासून मानसोपचारात आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याचं नाव चांगलं आहे. फक्त त्याची रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावं लागतं.

औषध बदलून बदलून किती गुण येतो? यावरचा सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुमारे 4,000 रुग्णांना पहिलं औषध सिटालोप्रॅम दिलं, म्हणजे तुमच्या एसिटालोप्रॅमचं सख्खं भावंडच. पहिल्या पायरीवर साधारण तिघांत एक जण लक्षणमुक्त झाला. दुसऱ्या पायरीवर जवळपास तसंच, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मात्र सातांत एक. चारही पायऱ्या मिळून दोन तृतीयांश लोक बरे होतात असा हिशेब तेव्हा मांडला गेला. 2023 मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी करणाऱ्यांनी हा हिशेब फुगवलेला आहे, खरा आकडा 35 टक्क्यांच्या आसपास आहे असं म्हटलं, आणि त्यावर वाद झाला. मी यातून दोन गोष्टी घेते. पहिलं औषध पुरं न पडणं हे अपवादात्मक नाही, बहुसंख्यांचं तेच होतं. आणि नुसत्या गोळ्या बदलत बसण्याला मर्यादा आहेत.

म्हणून तुम्ही पत्रात ज्याचा उल्लेखही केला नाहीत, त्याचा मी आग्रह धरते: मानसोपचाराच्या बैठका, म्हणजे थेरपी. 2013 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात 469 रुग्ण होते, सगळे अँटिडिप्रेसंट घेऊनही बरे न झालेले. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी दिली. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या 46 टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून कमी झाली होती. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण 22 टक्के होतं. दुपटीचा फरक आहे हा. थेरपी म्हणजे सकारात्मक विचार करा असं ऐकवणारं प्रवचन नव्हे. 'मी अशीच राहणार' हा विचार पहाटे चारला येतो तेव्हा शरीरात काय होतं, त्यानंतर तुम्ही दिवसभरात काय काय करायचं टाळता, टाळल्याने मन अजून कसं खाली जातं, हे थेरपिस्टसोबत बसून उलगडायचं आणि त्यातली एकेक कडी बदलून पाहायची. प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा, कोणती पद्धत वापरता हे विचारा, आणि चार-पाच बैठकांनंतरही सूर जुळला नाही तर निःसंकोच दुसऱ्यांकडे जा.

त्याहून पुढची साधनंही आहेत, तुम्हाला लागतीलच असं नाही, पण दार बंद नाही हे कळावं म्हणून सांगते. चुंबकीय लहरींनी मेंदूच्या ठरावीक भागाला चालना देणारी आरटीएमएस पद्धत अमेरिकेत 2008 मध्ये मान्य झाली. तिला भूल लागत नाही, आठवड्यातून पाच दिवस असं महिना-दीड महिना जावं लागतं. नाकात फवारायचं एस्केटामिन तिथे 2019 मध्ये आलं, ते दवाखान्यातच घेतात आणि नंतर दोन तास देखरेखीखाली बसवतात. आणि ईसीटी, जिला लोक शॉक म्हणतात आणि जिची सिनेमांनी पार बदनामी केली. आज ती पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल करून करतात, बहुधा सहा ते बारा वेळा. काही काळाच्या आठवणी पुसट होऊ शकतात, हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं. पण माणूस खाणंपिणं सोडून बसलाय किंवा आत्महत्येचा धोका डोक्यावर आहे, अशा वेळी तिच्याइतकं भरवशाचं आणि झटपट काम करणारं आमच्याकडे फार थोडं आहे.

हे सगळं सांगूनही डॉक्टरांनी मान वर न करता तीच चिठ्ठी लिहिली तर? तर दुसरं मत घ्या. जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, तो कागद, सगळं घेऊन जा. त्याला डॉक्टरांशी बेइमानी म्हणत नाहीत. जे डॉक्टर स्वतःच 'एकदा अमुक तज्ज्ञांनाही दाखवा' असं सांगतात, ते मला जास्त विश्वासाचे वाटतात.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतच्या दिवसांत आपल्या मनाने डोस वाढवू नका, कमी करू नका, बंद करू नका. ठरलेली एक गोळी रोज. पहाटे जाग आली की घड्याळ बघणं टाळा, अंथरुणात तळमळत बसण्यापेक्षा उठून मंद उजेडात बसा. नोकरी सोडणं, घर विकणं असले मोठे निर्णय आत्ता नकोत. रोज एकदा तरी घराबाहेर उजेडात चालून या, मन नसलं तरी, दहा मिनिटं का होईना.

राहिली तुमची छोटी शंका. एसिटालोप्रॅम सकाळी घ्या किंवा रात्री, असरात फरक पडत नाही. ज्यांची झोप त्याने बिघडते ते सकाळी घेतात, ज्यांना पेंग येते ते रात्री. तुमची झोप आधीच पहाटे मोडते, म्हणून सध्या सकाळच बरी. सुटीच्या दिवशीही नेहमीच्याच वेळेचा गजर लावा, गोळी आणि पाण्याचा ग्लास रात्रीच उशाशी ठेवा, गोळी घ्या आणि हवं तर पुन्हा झोपा. वारांची नावं असलेली सात कप्प्यांची डबी मिळते, ती आणा, म्हणजे घेतली की राहिली हा घोळ होणार नाही. एखाद्या दिवशी राहिलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्या, दोन एकदम नकोत.